सबोर कुणाचा?

बल्गेरियन भाषेत गावाच्या मधल्या मोकळ्या जागेला एक जुना शब्द आहे, 'मेग्दान'. आता बोलण्यात तो कमी येतो, पण सणावाराचा विषय निघाला की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हमखास येतो. हे आपलंच 'मैदान'. ऑटोमन तुर्कांनी बल्गेरियावर जवळजवळ पाचशे वर्षं राज्य केलं, त्यामुळे अरबी-फारसीतले बरेच शब्द तुर्कीच्या वाटेने तिकडे पोचले. तेच शब्द दुसऱ्या वाटेने मराठीत आले. 'पझार', 'द्युक्यान', 'बक्षिश', 'चोर्बा' हे शब्द ऐकून अर्थ विचारावा लागत नाही. नोकरीनिमित्त तीन वर्षं सोफियात राहिले तेव्हा या शब्दांचा मला मोठा आधार होता. फसवणूक फक्त एका शब्दाने केली. तिकडे 'बाबा' म्हणजे आजी.

गावाच्या सणालाही तिकडे स्वतःचा शब्द आहे, 'सबोर'. मूळ अर्थ जमणं, गोळा होणं. बहुतेक गावांचा सबोर गावच्या चर्चच्या संताच्या दिवशी किंवा त्याच्या आसपास असतो. आपल्याकडच्या जत्रेशी त्याचं नातं चटकन लक्षात येतं. गाव सोडून गेलेले त्या दिवशी परततात, सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह येतात, मेग्दानावर बँड वाजतो, साखळी धरून 'होरो' नाचला जातो. आणि बऱ्याच गावांत 'कुर्बान' असतो. शब्द आपल्या 'कुर्बानी'चाच, पण बल्गेरियात तो मुसलमान आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दोघेही करतात. मेंढ्या कापायच्या, मोठमोठ्या कढयांमध्ये (यांना म्हणतात 'कझान') रात्रभर रस्सा शिजवायचा, सकाळी पाद्र्याने त्यावर प्रार्थना म्हणायची आणि मग येईल त्याच्या भांड्यात वाढायचं. पैसे घेत नाहीत. 'आरोग्यासाठी' एवढं म्हणून घ्यायचं.

असा एक सबोर मी २०१९ साली पाहिला. गाव वेलिको तर्नोवो शहरापासून गाडीने तासाभरावर. गावाचं नाव देत नाही, कारण तिथे इतकी थोडी माणसं राहतात की नाव दिलं तर कोण कोण ते लगेच कळेल. १५ ऑगस्ट हा ऑर्थोडॉक्स पंचांगात मेरीमातेचा मोठा दिवस. त्या वर्षी तो गुरुवारी आला होता, म्हणून सबोर शनिवारी ठेवला होता. ऑफिसातल्या मैत्रिणीचं ते आजोळ. मी पाहुणी म्हणून गेले आणि पाहिलं, तर कढईशी उभ्या असलेल्या सहा माणसांपैकी दोघं ब्रिटिश होते.

ते तिथे कसे आले, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधताना आणखी एक प्रश्न समोर आला, आणि तो बल्गेरियापुरता नाही. गाव उरलं नाही तर गावाचा सण कुणाचा?

आधी पहिल्या प्रश्नाचं बघू. १९४६च्या जनगणनेत बल्गेरियातले सुमारे तीन चतुर्थांश लोक खेड्यात राहत होते. आज सुमारे तीन चतुर्थांश शहरात राहतात. मधल्या काळात दोन मोठ्या घटना घडल्या. १९४४ साली कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पुढच्या दीड दशकात जवळजवळ सगळी शेतजमीन सहकारी शेतसंस्थांकडे गेली. या संस्थेला तिकडे सगळे आद्याक्षरांनी 'तेकेझेसे' म्हणतात. कारखाने निघत होते, त्यांना माणसं हवी होती, आणि ज्याची जमीन गेली तो कारखान्यात जायला मोकळा होता. दुसरी घटना १९८९ची. राजवट कोसळली, १९९१च्या कायद्याने जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत द्यायचं ठरलं, तेकेझेसे मोडीत निघाल्या. पण वारस तोवर शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. त्यांना चार तुकड्यांतली आठ एकर जमीन नको होती, पगार हवा होता. तो सोफियात मिळेना तेव्हा ते स्पेन, जर्मनी, इंग्लंडला गेले. १९८५ साली देशाची लोकसंख्या ८९ लाखांहून अधिक होती. २०२१ साली ६५ लाख भरली. एवढी घट युद्धाशिवाय फार कमी देशांनी पाहिली असेल.

हे आकडे गावात गेल्यावर कागदाच्या रूपात दिसतात. बल्गेरियात माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापलेला एक कागद दारावर, फाटकावर, झाडावर, बसथांब्यावर लावतात. त्याला 'नेक्रोलोग' म्हणतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी. आमच्या त्या गावच्या मुख्य रस्त्यावर राहत्या माणसांपेक्षा फाटकांवरचे चेहरे जास्त होते.

अशा रिकाम्या घरांचे भाव एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश माणसाला हास्यास्पद वाटावेत इतके कमी होते. इंग्लंडमधलं लहान घर विकून इथे दगडी घर, अंगण, द्राक्षाचा मांडव आणि उरलेल्या पैशांवर म्हातारपण, असा हिशेब अनेकांनी केला. वेलिको तर्नोवोच्या आसपासच्या खेड्यांत ते मोठ्या संख्येने आले. १९९१च्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला बल्गेरियात जमीन घेता येत नव्हती. घर घेता यायचं, पण ते ज्या अंगणात उभं आहे ते अंगण नाही. म्हणून लोक बल्गेरियन कंपनी स्थापन करायचे आणि कंपनीच्या नावाने अंगण घ्यायचे. टोमॅटो आणि मिरच्या लावण्यासाठी कंपनी काढलेली निवृत्त माणसं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. १ जानेवारी २००७ला बल्गेरिया युरोपीय संघात गेला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने हे बंधन सैल झालं. तोवर २००८ची मंदी आली. बऱ्याच जणांनी घरं अर्धवट दुरुस्त करून सोडून दिली. जे उरले, ते खरोखर राहायलाच आलेले होते.

गंमत म्हणजे त्याच काळात उलट दिशेनेही वाहतूक चालू होती. १ जानेवारी २०१४ला ब्रिटनने बल्गेरियन आणि रोमानियन कामगारांवरची बंधनं उठवली. माझ्या मैत्रिणीचे दोन मामेभाऊ लीड्सला गेले. त्यांच्या आजोळच्या गल्लीत यॉर्कशरचं एक जोडपं राहायला आलं. गावाने आपली तरुण माणसं दिली आणि बदल्यात पेन्शनर घेतले.

बल्गेरियन खेड्यात राहायला आलेले हे काही पहिलेच ब्रिटिश नव्हेत. १८६०च्या दशकात सेंट क्लेअर आणि ब्रॉफी नावाचे दोघं काळ्या समुद्राजवळच्या एका डोंगरी खेड्यात राहत होते. १८६९ साली त्यांनी आपल्या मुक्कामावर एक पुस्तक लिहिलं. ते ऑटोमन सत्तेच्या बाजूचे होते आणि ज्यांच्यात राहिले त्या ख्रिस्ती शेतकऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या चालीरीती त्यांनी बारकाईने टिपल्या, पण खिडकीतून टिपाव्यात तशा. पुढे रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर १८७८ साली हाच सेंट क्लेअर रोदोपी डोंगरात रशियनांविरुद्ध उठलेल्या मुसलमान बंडखोरांचा पुढारी झाला.

याच्या अगदी उलट टोकाला जेम्स बाउचर. हा आयरिश माणूस आधी ईटनला मास्तर होता आणि नंतर 'टाइम्स'चा बाल्कन वार्ताहर झाला. त्याला ऐकू कमी यायचं. बल्गेरियाची बाजू त्याने इतकी लावून धरली, की १९२० साली तो वारला तेव्हा त्याला रिला मठाजवळ पुरलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या टपाल तिकिटांवर तो बल्गेरियन शेतकऱ्याच्या पोशाखात दिसतो. परका माणूस किती आपला होऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून बल्गेरियात आजही त्याचं नाव घेतात. पण बाउचर राजे आणि मंत्र्यांमध्ये वावरणारा माणूस. त्याला कुणी कढई ढवळायला सांगितलं नसावं.

गावातलं आपलेपण वेगळ्या ठिकाणी मोजलं जातं. उदाहरणार्थ होरो. हातात हात घालून केलेली साखळी, तिला एक पुढचं टोक आणि एक शेपूट. पुढे जो असतो तो नाच चालवतो. जुन्या काळी मेग्दानावर दर रविवारी होरो व्हायचा, लग्नाची मुलंमुली तिथेच एकमेकांना पाहायची आणि आया कडेला बसून त्यांना पाहायच्या. साखळीत कोण कुठे उभं राहणार याला वय, लग्न, घराणं यांचे संकेत होते. आता ते संकेत राहिले नाहीत. एक मात्र राहिला आहे. नव्याने येणाऱ्याने शेपटीला जोडून घ्यायचं. पुढच्या माणसाच्या पुढे जाऊन हात धरायचा नाही.

पावलं सोपी नसतात. 'राचेनित्सा' सात मात्रांची, दोन-दोन-तीन अशी. आपल्या रूपकाच्याही सात मात्रा, पण तीन-दोन-दोन. त्यामुळे माझं शरीर पहिल्याच आवर्तनात चुकीच्या ठिकाणी जोर द्यायचं. 'कोपानित्सा' तर अकरा मात्रांची. माझ्या शेजारची एक इंग्रज बाई ओठांतल्या ओठांत आकडे मोजत नाचत होती. दर गुरुवारी संध्याकाळी 'चितालिश्ते'त शिकते, असं तिने सांगितलं.

चितालिश्ते म्हणजे शब्दशः वाचनाची जागा. पहिली तीन १८५६ साली स्विश्तोव, लोम आणि शुमेन या गावांत निघाली, तुर्की अमदानीत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, नाटकं, भाषणं असं सगळं तिथे व्हायचं. आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयांसारखीच ही गोष्ट, पण ती खेडोपाडी पोचली. कम्युनिस्ट राजवटीने चितालिश्ते बंद केली नाहीत, उलट वाढवली आणि त्यांना आणखी एक काम दिलं, लोककलेचं.

इथे इतिहासाचा एक पेच आहे. नव्या राजवटीला देव नको होता, पण सण हवे होते. तिने सण मोडले नाहीत, त्यांचे अर्थ बदलले. फेब्रुवारीत द्राक्षवेलींची छाटणी करून त्यांच्या मुळांशी वाइन ओतायचा सेंट त्रिफोनचा दिवस 'द्राक्ष बागायतदारांचा दिवस' झाला. ६ मेचा सेंट जॉर्जचा दिवस 'मेंढपाळांचा दिवस' झाला. सुइणींचा जुना सण प्रसूतिसेवेचा दिवस झाला. त्याच काळात राज्याने लोकनृत्याची पथकं उभी केली, १९६५पासून कोप्रिव्श्तित्सा या गावी लोककलेचा राष्ट्रीय मेळा भरवायला सुरुवात केली, आणि गावोगावच्या बायकांना रंगमंचावर, रांगेत, एका मापाच्या पोशाखात गायला शिकवलं. म्हणजे चितालिश्तेत ती इंग्रज बाई जी 'प्राचीन' पावलं गिरवत होती, ती निदान काही अंशी सरकारी पथकांनी बेतून दिलेली होती. ज्या बाबा तिला शिकवत होत्या, त्याही साठच्या दशकात अशाच एका पथकात शिकल्या होत्या. सबोरची तारीखही तेव्हाच संताच्या दिवसावरून सुट्टीच्या दिवसावर आली, असं त्यांनीच सांगितलं. कुर्बान मात्र बंद होता. बंद म्हणजे मेग्दानावर बंद. तेकेझेसेच्या गोठ्यामागे कधीतरी व्हायचा.

आता २०१९च्या शनिवारकडे येते. सकाळी चर्चच्या भिंतीवर वर्गणीदारांची यादी लावली होती. वीस लेवा, पन्नास लेवा, कुणी पोतंभर कांदे, कुणी एक मेंढी. निम्मी नावं त्याच चार-पाच घराण्यांची, पत्ते सोफिया, प्लोवदिव, लंडन. मधूनमधून सिरिलिक लिपीत लिहिलेली इंग्रजी नावं. त्यांच्यापुढे गावाचं नाव लिहिलं नव्हतं. मी कारण विचारलं, तर यादी लिहिणारी बाई म्हणाली, "ते इथेच राहतात की. पत्ता बाहेरच्यांचा लिहितात."

पण सगळेच असं मानत नव्हते. दुपारी मांडवात प्लोवदिवहून आलेला पन्नाशीचा एक गृहस्थ रकियाचा ग्लास हातात धरून जोरात बोलत होता, की गावचा सबोर म्हणजे आता इंग्रजांची सहल झाली आहे. एका कोपऱ्यात ब्रिटिश बायकांनी केकचं टेबल मांडलं होतं, चितालिश्तेच्या छपरासाठी पैसे जमवायला. त्याचा त्याला विशेष राग होता. सबोरमध्ये अन्न विकतात का, असं तो विचारत होता. एका बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या कझान घासायला थांबतोस का?" सगळे हसले. तोही हसला. रविवारी दुपारी तो निघून गेला.

मला त्याचं म्हणणं हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही. कुर्बान विकायचा नसतो, हा त्या दिवसाचा गाभा आहे. केक चांगल्या कामासाठी विकला तरी त्यातून एक निराळा रिवाज आत शिरतो, आणि तो कुठे थांबेल हे सांगता येत नाही. शिवाय ज्यांच्यासाठी प्रार्थना होते ते मेलेले लोक या नव्या माणसांना माहीत नाहीत. कुठल्या घराने कुठल्या घराशी वीस वर्षं बोलणं टाकलं होतं, तेकेझेसेत कुणी कुणाची जमीन नेली, हेही माहीत नाही. सणात नुसता आनंद नसतो, जुने हिशेबही असतात. ते ठाऊक नसलेला माणूस सणात हलका वावरतो, आणि हिशेब ठाऊक असलेल्याला ते खुपतं. तीन वर्षांपूर्वी हात कमी पडतात म्हणून सबोर बंद करायची वेळ आली होती, ही मात्र दुसरी बाजू. तेव्हा कुर्बानची लाकडं फोडायला हेच परके आले.

आणि 'मूळ गावकरी' म्हणजे नेमकं कोण? बल्गेरियन खेड्याचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर हा शब्द फार काळ उभा राहत नाही. बाल्कन युद्धं आणि पहिलं महायुद्ध यांनंतर थ्रेस आणि मॅसिडोनियातून लाखोंनी निर्वासित आले. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९२६ साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने बल्गेरियाला कर्ज उभारून द्यावं लागलं. १९४० साली रोमानियाशी करार होऊन दोब्रुजात लोकसंख्येची अदलाबदल झाली. १९८९च्या उन्हाळ्यात, नावं बदलण्याच्या सक्तीनंतर, तीन लाखांहून अधिक तुर्क वंशाचे नागरिक काही आठवड्यांत सीमा ओलांडून गेले. त्यातले बरेच परत आले, सगळे नाही.

यात एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. आग्नेयेला स्त्रांजा डोंगरात निखाऱ्यांवर नाचण्याची प्रथा आहे, 'नेस्तिनार्स्त्वो'. २००९ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ती आज बल्गारी या खेड्याच्या नावाने ओळखली जाते. पण तिच्या जुन्या गावांपैकी एक होतं शेजारचं कोस्ती, आणि तिथे राहत होते ग्रीक. बाल्कन युद्धांनंतर ते निघून ग्रीसमध्ये गेले. कोस्तीत थ्रेसमधून आलेले बल्गेरियन निर्वासित राहू लागले. निघताना ग्रीकांनी आपल्या संतांच्या प्रतिमा सोबत नेल्या आणि ग्रीसच्या उत्तरेकडच्या खेड्यांत पुन्हा निखारे पेटवले. त्यांचे वंशज अजून नाचतात. सण माणसांबरोबर चालत गेला. गाव मागे राहिलं आणि त्यात दुसरीच माणसं राहायला आली. हे सगळं मनाविरुद्ध घडलं, आणि घर विकून आलेल्या पेन्शनरशी निर्वासिताची तुलना करणं बरं नाही. पण गावात कुणीतरी नवीन येणं आणि त्याने तिथला सण शिकणं, हे तिकडे आधी अनेकदा झालेलं आहे.

बल्गेरियन घरांच्या कुंपणात पूर्वी एक लहान फाटक असायचं, शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारं. त्याला 'कोमशुलुक' म्हणतात, आणि शेजारधर्मालाही तोच शब्द. रस्त्यावर न जाता मीठ, बातमी, मूल इकडून तिकडे जावं म्हणून ते फाटक. माझ्या मैत्रिणीच्या आजीच्या कुंपणातलं फाटक वीस वर्षं बंद होतं, कारण पलीकडचं घरच बंद होतं. यॉर्कशरच्या जोडप्याने घर घेतल्यावर त्यांना वाटलं कुंपण मोडलं आहे, म्हणून त्यांनी तिथे जाळी मारायला घेतली. आजी हातात मिरच्यांची टोपली घेऊन त्याच फाटकातून आत आल्या. जाळी तशीच राहिली.

त्या जोडप्यातले काका २०१८च्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी आजींनी पलीकडे जाऊन विचारलं, "कागद कुठे आहे?" काकूंना कळेना. मग चितालिश्तेत बसून दोघींनी मजकूर केला, फोटो निवडला, छापून आणला. चाळिसाव्या दिवशी उकडलेल्या गव्हात साखर घालून तो वाटला. मी गेले तेव्हा त्या फाटकावर दोन नेक्रोलोग शेजारी शेजारी होते. एक त्या घराच्या आधीच्या मालकिणीचा, उन्हाने पांढरा पडलेला. आणि एक तिच्या घरात राहायला आलेल्या इंग्रजाचा, सिरिलिक अक्षरांत. त्या वर्षीच्या कुर्बानवर पाद्र्याने जी नावं वाचली त्यांत ते नाव होतं. उच्चार पार मोडून वाचलं, पण वाचलं.

या शेजारात पुढे किती वर्षं आहेत हे मला सांगता येत नाही. आलेली माणसं साठी-सत्तरीची आहेत. त्यांना मुलं आहेत, पण ती इथे नाहीत. गावातल्या मुलांचीही तीच कथा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर नवीन येणाऱ्यांसाठी कागदपत्रं वाढली. होरोत शेपटीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागे पुढच्या वर्षी आणखी कुणी हात धरला, की तो आपोआप मधला होतो. त्याने आणखी काही करावं लागत नाही. अडचण एवढीच आहे, की त्याच्या मागे कुणीतरी यायला हवं.